बर्फात झोपताना पाठीखाली काय घ्यावं? (केदारकंठा, डिसेंबर)

उनाड_पाऊल | १२ नोव्हेंबर, रात्री १०:४०

मंडळी, डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात मी आणि बायको उत्तराखंडात केदारकंठ्याला निघालोय. सांकरीहून वर, पहिला मुक्काम जुडा का तालाब, दुसरा बेस कॅम्प, मग माथा. माथा ३,८१० मीटर, बेस साधारण ३,४०० मीटर. दोन्ही मुक्काम बर्फावर असतील असंच धरून चाललोय.

घोडं अडलंय ते झोपण्यावर. मागच्या जानेवारीत हरिश्चंद्रगडावर कातळावर तंबू टाकला होता. पारा ८ अंशांवर, म्हणजे काही जीवघेणी थंडी नव्हे. माझी स्लीपिंग बॅग उणे ५ ची. तरी पहाटे तीनपासून टक्क जागा. छाती-पोट गरम, आणि कंबर, खांदा बर्फाच्या लादीवर ठेवल्यासारखे. कूस बदलत राहिलो. जी बाजू खाली जाईल ती गार. खाली होती आठ मिलिमीटरची निळी कॅरीमॅट, कॉलेजात असताना घेतलेली. तिचा आता पापड झालाय.

आठ अंशांत ही गत, तर उणे दहात काय होईल? म्हणून उणे १५ ची नवीन बॅग घ्यायच्या विचारात आहे. बजेट दोघांचं मिळून सात-आठ हजार. कोणती घ्यावी?

---

खडकवाट | १२ नोव्हेंबर, रात्री ११:१५

बॅग घेऊ नका. पैसे पाठीखाली घाला.

तुमच्याच पोस्टमध्ये उत्तर आहे. छाती गरम होती ना? मग बॅग तिचं काम करत होती. बॅगेतली पिसं किंवा फायबर स्वतः ऊब देत नाहीत, त्यांच्यात अडकलेली हवा देते. तुम्ही आडवे झालात की पाठीखालची पिसं चपटी होतात, हवा निघून जाते, आणि तुमच्या आणि जमिनीच्या मध्ये उरतात कापडाचे दोन पदर. उणे १५ ची बॅग घेतलीत तरी पाठीखाली तीसुद्धा चपटीच होणार.

आणखी एक. बॅगेवरचा तो उणे ५ चा आकडा प्रयोगशाळेत काढतात तेव्हा तापवलेल्या पुतळ्याला बॅगेत झोपवतात, आणि त्याच्या खाली चांगली उष्णतारोधक मॅट असते. तुमचा पापड नसतो.

---

शेंडेफळ | १२ नोव्हेंबर, रात्री ११:३१

घरची कापसाची गादी न्या. पोर्टर पहिल्या वळणावरच तुम्हाला तीत गुंडाळून परत पाठवेल.

---

बोल्डरकर | १३ नोव्हेंबर, सकाळी ७:०५

खडकवाट यांच्याशी सहमत. मी कोलोरॅडोत राहतो, हिवाळ्यात महिन्यातून एकदा तरी बर्फावर झोपणं होतं.

इकडे मॅट घेताना सगळे एकच आकडा बघतात: आर व्हॅल्यू. मॅट खालून जाणारी उष्णता किती अडवते, त्याचं हे माप. जितका आकडा मोठा तितकी मॅट उबदार. पूर्वी प्रत्येक कंपनी हा आकडा आपापल्या पद्धतीने मोजायची, त्यामुळे एकाचे ४ आणि दुसऱ्याचे ४ यांचा एकमेकांशी संबंध नसायचा. २०१८ साली एएसटीएम या मानकं ठरवणाऱ्या अमेरिकी संस्थेचं एफ३३४० हे मानक आलं आणि तेव्हापासून तुलना शक्य झाली. थंड पाट्यावर मॅट ठेवायची, वर तापवलेला पाटा, मध्ये ठरावीक दाब, आणि वरचा पाटा तेवढाच गरम ठेवायला किती वीज लागते ते मोजायचं.

अंदाज यावा म्हणून सांगतो. थर्मारेस्ट कंपनीची घडीची फोम मॅट, अंड्यांच्या ट्रेसारखी दिसते ती झेड लाइट सोल, २.० ची आहे. त्यांचंच हवा भरायचं एक्सलाइट एनएक्सटी ४.५ आणि खास हिवाळ्यातलं एक्सथर्म एनएक्सटी ७.३. साधी, आत काहीच नसलेली फुगवायची गादी दिसायला जाड असते, पण आतली हवा वरून खाली फिरत राहते आणि उष्णता घेऊन जाते. जाडीला भुलू नका. चांगल्या पॅडच्या आत फायबर किंवा चंदेरी पडदे असतात, तिथे पैसा जातो.

माझा हिशोब: नुसती गार जमीन असेल तर २ ते ३, गोठलेली जमीन ४, बर्फ ५ किंवा वर. आणि कामाची गोष्ट म्हणजे दोन मॅट एकावर एक टाकल्या की आकड्यांची सरळ बेरीज होते. २ आणि ४.५ म्हणजे ६.५. एक महागडं पॅड घेण्यापेक्षा बेरीज स्वस्त पडते.

---

त्रैराशिक | १३ नोव्हेंबर, दुपारी १:२०

जेवणाच्या सुट्टीत कागदावर मांडून बघितलं, चुकलं तर सांगा.

हे आर अमेरिकी एककात असतं. ५.६८ ने भागलं की आपल्या मेट्रिकमध्ये येतं. शरीराचा जमिनीला टेकणारा भाग साधारण ०.४ चौरस मीटर धरला. आतली बाजू आणि बर्फ यांच्यात ३० अंशांचा फरक धरला. चपटी झालेली बॅग आणि कपडे सोडून दिले.

आर २: खाली जाणारी उष्णता साधारण ३४ वॅट.
आर ४: १७ वॅट.
आर ५: साडेतेरा वॅट.

झोपलेला माणूस एकूण ७०-८० वॅट उष्णता तयार करतो. म्हणजे एकाच फोम मॅटवर झोपलात तर कमाईतला जवळजवळ निम्मा पैसा घरमालकाच्या भाड्यात. वरून कितीही पिसं पांघरा, ही गळती तशीच राहणार.

दुसरी फोम मॅट टाकली की १७ वॅट वाचतात. तिसरी टाकली की पुढचे सहाच वाचतात. पहिल्या दोन मॅटचा परिणाम मोठा, पुढे फायदा घटत जातो.

---

उनाड_पाऊल | १३ नोव्हेंबर, रात्री ९:१०

त्रैराशिक, भाड्याचं उदाहरण काळजाला भिडलं, मी भाडेकरूच आहे. पण एक शंका. हरिश्चंद्रगडावर बर्फ नव्हता, फरक ३० अंशांचा नव्हताच. मग एवढा का काकडलो?

---

त्रैराशिक | १३ नोव्हेंबर, रात्री ९:४८

कारण तुम्ही बसाल्टवर झोपला होतात. अखंड कातळ उष्णता झरझर ओढतो, शिवाय तो तापता तापत नाही, खाली डोंगर आहे. तुमच्या पाठीने डोंगर गरम करायला घेतला होता. त्यामानाने बर्फ हा उष्णतेचा वाईट वाहक, त्यात हवा असते. भुसभुशीत बर्फ तर स्वतःच रजईसारखा. म्हणून उणे दहाच्या हवेतसुद्धा तंबूखालचा बर्फ तेवढा गार नसतो. पण तो वितळायला लागला की शून्यावर अडून बसतो आणि उष्णता पीत राहतो, हे लक्षात ठेवा.

आणि तुमच्या आठ मिलिमीटरच्या पापडाचं आर आता एकसुद्धा नसेल.

---

सह्यमित्र७४ | १४ नोव्हेंबर, सकाळी ८:३०

वाचून करमणूक झाली. आम्ही ८९-९० साली रतनगड, अलंग, सगळं पोत्यावर आणि एका सोलापुरी चादरीत केलं. आर नव्हतं, वॅट नव्हते. थंडी वाजली की उठून शेकोटीला बसायचो. हल्ली ट्रेक कमी आणि खरेदी जास्त.

---

शेंडेफळ | १४ नोव्हेंबर, सकाळी ८:५२

काका, म्हणजे झोपायचा नाहीतच ना?

---

सह्यमित्र७४ | १४ नोव्हेंबर, सकाळी ९:१४

तसं म्हणायला हरकत नाही.

पण पोत्यात आम्ही भाताचा पेंढा भरायचो, ते राहिलं सांगायचं. पायथ्याच्या गावात मागितला की मिळायचा, सकाळी परत गोठ्यात. वीतभर पेंढा असेल तर कातळ लागत नाही. फक्त पाठ खाजते.

---

माणदेशी | १४ नोव्हेंबर, दुपारी १२:०५

काकांनी पेंढ्याचा विषय काढला म्हणून लिहितो. आमच्याकडं मेंढरं घेऊन चार-सहा महिने रानात असणारी माणसं खाली घोंगडं टाकून उघड्यावर झोपतात. कॅरीमॅट कुणी बघितलेली नाही. आमच्या आजोबांचं घोंगडं अजून आहे, चिंचोक्याची खळ दिलेलं, नवं असताना तर उभं राहायचं. दख्खनी मेंढीची लोकर राठ, अंगाला टोचते, पण त्यामुळंच वजनाखाली पूर्ण बसत नाही. मऊ लोकरीची शाल खाली टाकून बघा, लगेच चपटी. खाली जेन (लोकरीचं जाड बिछानं) असलं तर आणखी चांगलं.

तोटा एकच, वजन. आणि भिजलं तर गाढवसुद्धा नेणार नाही. केदारकंठ्याला नेऊ नका, पण गाडी जाते तिथं मुक्काम असेल तर माझं मत घोंगड्याला.

---

अश्विनी_ठाणे | १४ नोव्हेंबर, रात्री १०:२०

मी दोन वर्षांपूर्वी हाच ट्रेक डिसेंबरातच केला. काय झालं ते सविस्तर लिहिते, कारण उनाड_पाऊल, तुमच्या पत्नीला हे जास्त उपयोगी पडेल.

कंपनीने (नाव घेत नाही) सामानाच्या यादीत 'इन्सुलेटेड मॅट' लिहिलं होतं. प्रत्यक्षात तंबूत एकच पातळ फोमचा तुकडा होता, कंबरेशी दबून चपाती झालेला. मी कुशीवर झोपते. कुशीवर झोपणाऱ्याचं सगळं वजन कंबरेच्या हाडावर आणि खांद्यावर येतं, आणि नेमकी तिथेच मॅट सगळ्यात पातळ होते. बेस कॅम्पच्या रात्री मी झोपलेच नाही. शेजारी माझी मैत्रीण मात्र घोरत होती. तिने स्वतःचं हवा भरायचं पॅड आणलं होतं आणि खाली कंपनीचा तुकडा.

सकाळी तंबू काढला. आमचा गाईड सांकरीजवळच्याच गावचा, विशी-बाविशीचा मुलगा. त्याने मला हाक मारून तंबूखालचा बर्फ दाखवला. माझ्या बाजूला माणूस झोपल्यासारखा खड्डा पडला होता. खांद्याचा गोल, कंबरेचा त्याहून खोल, तळाशी काचेसारखा बर्फ. मैत्रिणीच्या बाजूला जवळपास सपाट. तो म्हणाला, "दीदी, रात भर आपने पहाड़ को गरम किया।" त्रैराशिक, तुम्ही वर डोंगराचं लिहिलंत तेव्हा तोच आठवला.

खरेदीबद्दल दोन गोष्टी. बॅगेवर 'कम्फर्ट' आणि 'लिमिट' असे दोन आकडे असतात. कम्फर्ट बाईच्या मापाने धरलेला असतो, लिमिट पुरुषाच्या. दुकानदार मोठ्या अक्षरातला लिमिट दाखवतात. पत्नीची बॅग निवडताना फक्त कम्फर्ट बघा. आणि दोघांत एकच चांगलं पॅड परवडत असेल तर ते तिला द्या.

---

जुगाडू | १५ नोव्हेंबर, सकाळी १०:१५

अश्विनीताईंची पोस्ट वाखूत (वाचनखुणांत) साठवली.

स्वस्तातले प्रयोग मी बरेच केलेत, निकाल असे.

पॅकिंगची पांढरी ईपीई शीट, १० मिलिमीटर. रविवार पेठेत बोहरी आळीत मापाने कापून मिळते, किंमत किरकोळ, वजन नसल्यासारखंच. पाच-सहा रात्री छान, मग दबून मरते. एका ट्रेकपुरतं उत्तम. परत आणून पुढे भाजीच्या पिशवीखाली वापरा, पण डोंगरावर टाकून येऊ नका.

पत्र्याच्या शेडखाली लावतात ती चंदेरी बबल शीट. लोकांना वाटतं चंदेरी म्हणजे नासा. अंगाखाली बुडबुडे दबतात, आणि चांदी कशाला तरी चिकटून असेल तर परतवायला काही उरत नाही. वर टाकली तर घामाचं पाणी साचतं, बॅग ओली. फार तर सगळ्यात खाली टाका.

योगा मॅट. जड, बर्फात कडक होते, ऊब नाही. योगासनंच करा.

सतरंजी, ब्लँकेटच्या घड्या: अनुभवाने नाही म्हणतो.

---

पंक्चरवाला | १५ नोव्हेंबर, रात्री ११:०२

हवेच्या पॅडची एवढी स्तुती चालली आहे म्हणून दुसरी बाजू.

हिमाचलात, साधारण ३,६०० मीटरवर, रात्री दोन वाजता मला वाटलं कुणीतरी हळू आवाजात 'स्स्स' म्हणतंय. दहा मिनिटांत पाठ जमिनीला. दुपारी तंबूत बसून बुटांचे बर्फातले स्पाइक्स काढले होते, तिथेच. डोक्याला दिवा लावून भोक शोधायचा प्रयत्न केला, बोटं चालेनात. चिकटपट्टी गोठलेली, पॅडवर दवबिंदू, चिकटणार कशी? उरलेली रात्र सॅक, दोर, जॅकेट, सगळं पाठीखाली घालून काढली. घरी आल्यावर बादलीत साबणाचं पाणी करून बुडबुडा शोधला आणि सायकलच्या ट्यूबसारखा पॅच मारला. अजून टिकलाय.

त्यामुळे नियम: बर्फात हवेचं पॅड एकटं नेऊ नका. खाली फोम पाहिजेच. फोम फाटला तरी फोमच राहतो.

तोंडाने फुगवू नका. तोंडातली वाफ आत जाऊन गोठते. पॅडबरोबर हवा भरायची पिशवी येते, ती वापरा. संध्याकाळी फुगवलेलं पॅड हवा गार होऊन आकसली की मऊ पडतं. ते पंक्चर नव्हे, घाबरू नका, झोपायच्या आधी दोन फुंका आणखी. (हो, पिशवीनेच.)

---

खडकवाट | १६ नोव्हेंबर, सकाळी ६:५०

फोम खाली की वर, यावर आता भांडण होणार म्हणून आधीच लिहितो. बेरीज दोन्हीकडून तेवढीच. खाली टाकला तर हवेच्या पॅडचं रक्षण. वर टाकला तर पॅड बसलं तरी तुम्ही फोमवर असता आणि घसरणं थोडं कमी. मी खाली टाकतो.

उनाड_पाऊल, निर्णय काय झाला?

---

उनाड_पाऊल | १६ नोव्हेंबर, रात्री ९:३५

निर्णय: बॅग जुनीच. घडीच्या दोन फोम मॅट आज घेतल्या, दोन्ही मिळून बजेटच्या निम्म्यात बसल्या. रविवारी बोहरी आळी. उरलेल्या पैशांत आकडा छापलेलं चांगलं पॅड मिळेना. ऑनलाइन एक सापडलं, आर ६ लिहिलंय, पण कुठल्या चाचणीने ते विचारलं तर विक्रेत्याने 'सर बेस्ट क्वालिटी' एवढंच उत्तर दिलं.

---

बोल्डरकर | १७ नोव्हेंबर, सकाळी ६:४०

सोडा ते. एएसटीएम लिहिलेलं नसेल तर आकडा म्हणजे कवितेची ओळ.

---

अश्विनी_ठाणे | १७ नोव्हेंबर, सकाळी ९:००

त्या रात्रीनंतर मी स्वतःचं पॅड घेतलं, ४.५ चं. यंदा डिसेंबरात कुठेच जाणं नाही. व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, ठाण्यातून घेऊन जा. तुमच्यासाठी नाही, ताईंसाठी देतेय.

---

उनाड_पाऊल | ४ जानेवारी, रात्री १०:५०

परतलो. माथा झाला, स्वर्गारोहिणी आणि काळानाग दोन्ही शिखरं लख्ख दिसली. फोटोंचा वेगळा धागा काढेन, इथे फक्त पाठीचं.

बायको: खाली फोम, वर अश्विनीताईंचं पॅड. दोन्ही रात्री झोपली, तेही जॅकेट काढून. दुसऱ्या रात्री मला म्हणाली, "हलू नकोस, पॅड किरकिरतं." एवढीच तक्रार.

मी: खाली ईपीई, वर फोम, त्यावर कंपनीची मॅट (या कंपनीची बरी होती). जुडा का तालाबला काही कळलंही नाही. बेस कॅम्पला माझ्या छोट्या थर्मामीटरवर पहाटे तंबूत उणे ९. साडेतीनला उजवा खांदा गार पडून जाग आली. बघतो तर तिन्ही थर तीन दिशांना. तंबू किंचित उतारावर होता आणि बॅग गुळगुळीत. शेवटी थर्मल पायजम्याची नाडी काढून तिन्ही मॅट खांद्यापाशी एकत्र बांधल्या, पायाकडे बायकोचा केसांचा रबर ताणून लावला. मग सहापर्यंत मेल्यासारखा झोपलो. उठल्यावर पायजमा एका हाताने धरून तंबूबाहेर आलो, तो फोटो मात्र टाकणार नाही.

तंबू काढल्यावर मुद्दाम खालचा बर्फ बघितला. तिच्या बाजूला काही नाही, फक्त दाबलेला. माझ्या बाजूला खांद्यापाशी बशीएवढा खळगा, तळाला काच. साडेतीनच्या आधीचा असावा.

अश्विनीताई, पॅड कधी आणून देऊ?

---

त्रैराशिक | ४ जानेवारी, रात्री ११:२०

बशीचा व्यास मोजलात का?

---

अश्विनी_ठाणे | ५ जानेवारी, सकाळी ८:१०

घाई नाही. आधी झडप उघडी ठेवून दोन दिवस पंख्याखाली पसरून ठेवा, आत ओल राहिली असेल. आणि परत देताना करकचून गुंडाळू नका, सैल घडी करून आणा. मी ते पलंगाखाली उलगडूनच ठेवते. नाडी बसवलीत का?